हत्याकांडाचा अंदाज आधी बांधता येतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरातल्या एका वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी आम्ही दहा-बारा जण जमतो. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. येणाऱ्यांत दोन शिक्षिका, मराठा सेंटरमधून निवृत्त झालेले एक सुभेदार, एक फुलवाल्या मावशी आणि बाकी कॉलेजची पोरं. पाऊस, ऊसदर, निवडणूक अशा सगळ्याचे अंदाज बांधून झाले. मग एका पोरानं विचारलं, “सर, माणसं मारली जाणार हे आधी कळतं का?” तेव्हापासून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं एकदाची लिहून ठेवतो.

ही आप्पाचीवाडीची भाकणूकच की, फक्त कॉम्प्युटरवरची?

हा प्रश्न निपाणीकडच्या माणसानं विचारला नाही असा एकही वर्ग गेला नाही. आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेत होणारी भाकणूक, म्हणजे भविष्यवाणी, ऐकायला मीही लहानपणी गेलोय. पावसापाण्याचं, राजकारणाचं, लढायांचं सगळं त्यात येतं. ती श्रद्धेची गोष्ट आहे आणि तिला गुण द्यायला कुणी वही घेऊन बसत नाही. संख्याशास्त्रातला अंदाज मात्र वहीशिवाय फुकट. कुठे, किती काळात, काय घडण्याची शक्यता शंभरात किती, हे आधी लिहून द्यायचं आणि मुदत संपली की सगळ्यांसमोर तपासायचं. चुकल्यावर “तसं म्हणायचं नव्हतं मला” ही पळवाट नाही.

आणखी एक फरक आहे. भाकणूक ‘होईल’ म्हणते, इथे ‘इतकी शक्यता आहे’ म्हणतात. ऐकणाऱ्याला दुसरं वाक्य मिळमिळीत वाटतं. पण काम त्याच वाक्यानं होतं.

‘सामूहिक हत्याकांड’ कशाला म्हणायचं?

या क्षेत्रातली एक नावाजलेली यादी ‘अर्ली वॉर्निंग प्रोजेक्ट’ची; कुठल्या देशात असं घडण्याचा धोका जास्त, ते ती क्रमानं मांडते. अमेरिकेतलं होलोकॉस्ट स्मारक संग्रहालय आणि डार्टमथ कॉलेज मिळून ती दरवर्षी काढतात. त्यांची व्याख्या अशी: एका वर्षात किंवा त्याहून कमी काळात सशस्त्र गटांच्या हेतुपुरस्सर कृतींमुळे, एका विशिष्ट समूहातले म्हणून लक्ष्य केलेले किमान १,००० निःशस्त्र नागरिक मेले, तर ते सामूहिक हत्याकांड. सशस्त्र गटांत बंडखोर आले, टोळ्या आल्या आणि सरकारची फौजसुद्धा आली. गणवेश असला म्हणून सूट नाही.

९९९ मेले तर काय, असं कुणीतरी विचारतंच. रेघ कुठेतरी मारावी लागते. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाची नोंदवही वर्षाला २५ नागरिकांपासूनच ‘एकतर्फी हिंसा’ लिहायला लागते. वंशसंहाराची कायदेशीर व्याख्या वेगळीच आहे. १९४८च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात आकडा नाही, हेतू आहे: एखादा राष्ट्रीय, वांशिक, धार्मिक समूह पूर्णपणे किंवा अंशतः नष्ट करण्याचा. हेतू कोर्टात सिद्ध करायला वर्षं जातात. अंदाज बांधणाऱ्याकडे तेवढी वर्षं नसतात, म्हणून तो मोजता येईल ते धरतो.

कॉम्प्युटरला नेमकं काय सांगतात?

गेल्या साठेक वर्षांत कुठल्या देशात कधी असं घडलं, आणि घडण्याच्या एक-दोन वर्षं आधी तिथे काय परिस्थिती होती, हे सगळं त्याच्यासमोर ठेवतात. लोकसंख्या किती, पूर्वी असं घडलंय का, आत्ता सशस्त्र संघर्ष चालू आहे का, सत्तापालटाचे प्रयत्न झाले का, विरोधी पक्षांवर बंदी आहे का, माणसांना देशात मोकळेपणानं फिरता येतं का, असे तीसेक मुद्दे. त्यांतले कुठले उपयोगी आणि कुठल्याला किती वजन, हे यंत्र जुन्या नोंदींवरून ठरवतं.

या यादीत बालमृत्युदर बघून सगळे अडखळतात. तान्ही मुलं दगावण्याचा आणि बंदुकीचा काय संबंध? कारण म्हणून काहीच नाही. पण ज्या देशात बाळंतिणीपर्यंत नर्स पोचत नाही, तिथे बहुधा पोलीस पोचत नाही, रस्ता पोचत नाही आणि तहसीलदाराचा शब्दही पोचत नाही. हा आकडा म्हणजे सरकारचा हात किती लांब जातो त्याची खूण. तापमापी फोडून ताप उतरत नाही, तसंच हे. उद्या नुसता बालमृत्युदर कमी केला म्हणून बंदुका गप्प बसणार नाहीत. कॉम्प्युटरवरचं हे गणित, म्हणजे मॉडेल, खुणा बघतं, कारणं सांगायचा दावा करत नाही. अर्धे वाद हा फरक न कळल्यामुळे होतात.

तीस देश धोक्याचे म्हणून सांगितले आणि घडलं एक-दोन ठिकाणी. मग नापासच ना?

इथे थोडं थांबतो, कारण हा एक प्रश्न सुटला की बाकीचे निम्मे आपोआप सुटतात.

मागच्या वर्षांवर तपासून पाहिलं तेव्हा नव्यानं हत्याकांड सुरू झालेल्या दर तीन देशांपैकी साधारण दोन ‘अर्ली वॉर्निंग’च्या यादीत पहिल्या तिसांत होते. आता हिशेब मांडू, सोयीसाठी ढोबळ आकडे घेऊन. समजा १६० देश आहेत आणि तीन वर्षांत तीन ठिकाणी घडलं. म्हणजे ४८० वेळा प्रश्न विचारला, तीनदा उत्तर ‘हो’ आलं. यादीतल्या तीस देशांचे तीन वर्षांत ९० प्रश्न, त्यांत दोन ‘हो’. यादीबाहेरचे ३९० प्रश्न, त्यांत एक ‘हो’. म्हणजे यादीतल्या देशाला ४५त एक शक्यता, बाहेरच्याला ३९०त एक. साडेआठ पटींहून जास्त फरक.

पण नव्वदातले ८८ इशारे ‘वाया’ गेले, हेही खरंच. आता दुसरा माणूस घ्या. तो आळशी आहे, दरवर्षी एकच वाक्य लिहितो: “कुठेही काहीही होणार नाही.” त्याचं ४८०पैकी ४७७ वेळा बरोबर! ९९ टक्क्यांच्या वर गुण. तो हुशार का? त्याच्या कागदाचा उपयोग चुरमुरे बांधायलासुद्धा नाही.

२०२२च्या ऑगस्टमध्ये जाधवनगरात बिबट्या दिसला होता, आठवतंय? नंतर तो गोल्फ कोर्सच्या झाडीत शिरला. आसपासच्या वीसेक शाळा बंद ठेवल्या, सक्रेबैलूहून हत्ती आणून झाडी धुंडाळली. त्या बिबट्यानं शाळेतल्या एकाही मुलाला हात लावला नाही. म्हणून शाळा बंद ठेवल्या ते चुकलं, असं एकाही आईनं म्हटलेलं मी ऐकलं नाही. घरात बसून वैतागलेल्या आयासुद्धा तसं म्हणाल्या नाहीत. क्वचित घडणाऱ्या आणि भयंकर गोष्टीचा इशारा बहुतेक वेळा फुकट जाणारच. प्रश्न एवढाच की आधी कुठली झाडी बघायची ते त्यानं सांगितलं का.

भारताचं नाव त्या यादीत असतं म्हणे?

असतं. गेल्या काही वर्षांत पहिल्या पंधरात आलेलं आहे. वर्गात हे सांगितलं की दोन गट पडतात. एक म्हणतो, परदेशी लोकांचं कारस्थान. दुसरा म्हणतो, बघा, आम्ही सांगत होतोच. दोघांनीही व्याख्या वाचलेली नसते.

हजाराचा आकडा लोकसंख्येच्या प्रमाणात नाही, सरसकट आहे. त्यामुळे १४० कोटींच्या देशाला ती रेघ ओलांडायला भूतानपेक्षा कमी ‘मेहनत’ लागते, आणि मोठा देश आपोआप वर सरकतो. पण एवढंच म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका. पूर्वीची हिंसा, समूहांमधली असमानता हेही मोजलेलं आहेच. वरच्या पंधरातल्या देशालासुद्धा शंभरात मोजक्याच टक्क्यांची शक्यता असते. बहुधा होणार नाही, आणि तरीही लक्ष ठेवायला हवं. ही दोन वाक्यं एकाच वेळी डोक्यात ठेवता आली पाहिजेत.

मग आपल्या बेळगावचा धोका किती?

ती यादी देशापुरती आहे, जिल्ह्याचं त्यात काही कळत नाही. उप्साला आणि ऑस्लो इथले संशोधक ‘व्ह्यूज’ नावाचं दुसरं मॉडेल चालवतात. ते नकाशावर साधारण ५५ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन आखून पुढच्या ३६ महिन्यांचे अंदाज देतं, पण तेही चकमकींतल्या मृत्यूंचे. असा एक चौकोन म्हणजे बेळगावहून निघून जेमतेम संकेश्वर ओलांडाल तेवढा. त्यातून गल्ली दिसत नाही. ‘तुमच्या जिल्ह्याचा धोका इतके टक्के’ असा मेसेज कुणी पाठवला तर तो थापाड्या आहे असं खुशाल समजा.

सीमाप्रश्न यात बसतो का?

नाही. आणि मी मराठी माणूस, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या सभांना लहानपणापासून जाणारा, हे जाणूनबुजून ठासून सांगतो.

आपली तक्रार खरी आहे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपासून ती आहे, महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडून आहे, ८६५ गावं महाराष्ट्रात आणायचा ठराव तिकडच्या विधिमंडळात झालाय. १७ जानेवारीला आपण १९५६च्या हुतात्म्यांना अभिवादन करतो. १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबारात माणसं गेली, हिंडलग्याचं स्मारक त्यांचंच. हे दुःख लहान नाही. पण नागरिकांना वेचून मारायला निघालेली संघटित सशस्त्र टोळी इथे ना त्या बाजूला आहे ना या बाजूला. तक्रार घेऊन जायला कोर्ट आहे, निवडणूक आहे, मोर्चा आहे. एकाच घरात मराठी आणि कन्नड सुना आहेत आणि भाजीवाली दोन्ही भाषांत भाव सांगते. मॉडेलं ज्या खुणा शोधतात त्यांतल्या बहुतेक इथे सापडत नाहीत.

एक नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आणि आपल्या काळ्या दिवसाच्या, आसपास भाषणांत कुणीतरी हमखास ‘वंशसंहार’ हा शब्द वापरतो. मराठी पाटी काढणं अन्याय आहे, वंशसंहार नाही. मोठा शब्द रोजच्या भांडणात खर्चून टाकला, तर तो खरोखर लागेल त्या दिवशी त्याला कुणी मान वर करून बघणार नाही.

आपल्या सीमाभागात असं कधी घडलेलंच नाही ना?

बेळगावच्या माणसाला असं वाटतं, कारण आपण तेव्हा मुंबई प्रांतात होतो. बिदरकडच्या मराठी माणसाला विचारा. भालकी, औराद, बसवकल्याण हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९४७-४८मध्ये कासिम रझवीच्या रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, माणसं मारली. गोरटा गावाचं नाव तिकडे अजून हळू आवाजात घेतात. रझाकार म्हणजे पुस्तकी व्याख्येतला सशस्त्र गट: सरकारी फौज नाही, पण राज्यकर्त्यांचा वरदहस्त असलेला.

मग सप्टेंबर १९४८ची पोलीस कारवाई झाली. चार-पाच दिवसांत निजाम शरण आला. आपल्या गोष्टी इथेच संपतात, पण त्यानंतरच्या आठवड्यांत सूडाची लाट उसळली आणि या वेळी मेले ते मुसलमान. रझाकार होते तेही, आणि आयुष्यात काठीही न उचललेले त्यांच्याहून कितीतरी जास्त. पंडित सुंदरलाल समितीला चौकशीसाठी पाठवलं. तिनं सावधपणे धरलेला आकडा २७ ते ४० हजारांचा. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

वर्गात हे सांगितलं त्या दिवशी सुभेदार बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे पहिलं संपलं की दुसऱ्याची वेळ धोक्याची.” अंदाज बांधणारे हेच म्हणतात. पूर्वीचं हत्याकांड ही पुढच्याच्या भक्कम खुणांपैकी एक समजली जाते, आणि सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचे आठवडे फार नाजूक.

रवांडाचं आधी कळलं होतं, हे खरं का?

खरं आहे. ११ जानेवारी १९९४ला तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख रोमेओ डॅलेअर यांनी न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला फॅक्स पाठवला. एका खबऱ्यानं सांगितलं होतं की राजधानी किगालीतल्या सगळ्या तुत्सी जमातीच्या लोकांची नोंद करायचा हुकूम आहे, आणि त्याची माणसं वीस मिनिटांत हजार जण मारू शकतात. शस्त्रांचे साठेही कळले होते. डॅलेअर यांना ते जप्त करायचे होते. वरून उत्तर आलं, नको. ७ एप्रिलला कत्तल सुरू झाली, म्हणजे हातात ८६ दिवस होते. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. कत्तल सुरू होऊन दोन आठवडे झाले तेव्हा सुरक्षा परिषदेनं काय केलं? शांतिसेना २७० माणसांवर आणायचा ठराव.

आता अलीकडचं. सुदानमधल्या एल जेनीना शहरात २०२३ मध्ये ‘आरएसएफ’ नावाच्या निमलष्करी दलानं आणि साथीदार टोळ्यांनी मसालीत जमातीच्या लोकांना मारलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचा अंदाज १० ते १५ हजार. त्याच दलानं मे २०२४ पासून एल फाशरला वेढा घातला. जूनमध्ये सुरक्षा परिषदेनं वेढा उठवा असा ठराव केला, येल विद्यापीठातले लोक उपग्रहाची चित्रं दाखवून ओरडत राहिले. २६ ऑक्टोबर २०२५ला शहर पडलं आणि जे होईल म्हणत होते तेच झालं.

म्हणून “अंदाज चुकला तर?” या प्रश्नापेक्षा मला “अंदाज बरोबर आला तर कोण उठणार?” हा प्रश्न जास्त छळतो. कृष्णाकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक निघालं ते २०१९ला तासातासाला कळत होतं. चिकोडी तालुक्यात ज्यानं दावं सोडलं त्याची जनावरं वाचली. ज्याच्याकडे न्यायला ट्रॅक्टरच नव्हता त्यानं कळून काय करायचं?

सशस्त्र गट नागरिकांना मारतात ते रागापोटी ना?

राग खालच्या पोराचा असतो, वर हिशेब असतो. गनिमी लढणाऱ्याला गाव भाकरी देतं, म्हणून त्याचा शत्रू गावच उठवायला बघतो. मासा सापडत नसेल तर तळं आटवायचं. कधी उलट होतं: हरत चाललेला गट खबऱ्यांच्या संशयानं स्वतःच्याच मुलखातली माणसं मारतो. त्यामुळे कोण किती चिडलंय यापेक्षा कुठलं गाव कुणाच्या ताब्यातून कुणाच्या ताब्यात जातंय, हे बघणारे जास्त वेळा बरोबर येतात.

फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅप बघून कळत नाही का?

थोडं कळतं. रवांडात रेडिओवरून माणसांना झुरळं म्हणायला सुरुवात झाली होती, ती ऐकणाऱ्याला कळायला हवी होती. पण शिव्या सगळीकडे असतात. शिवीचं रूपांतर याद्यांत आणि पत्त्यांत झालं की घाबरायचं.

एकदा मी कोल्हापूरहून येताना आमची बस कोगनोळी नाक्याच्या अलीकडे थांबवली. पुढे बसला काळं फासतायत म्हणे. चालकानं इंजिन बंद केलं. दहा मिनिटांत माझ्या फोनवर तीन जणांकडून एकच व्हिडिओ आला: पेटलेली बस, पळणारी माणसं, “निपाणीजवळ, आत्ताच.” माझ्या शेजारची मुलगी रडायला लागली, तिचे वडील निपाणीत होते. मी व्हिडिओ नीट बघितला. बस हिरवी होती, मागची पाटी ना कन्नडमध्ये ना मराठीत, आणि रस्त्याकडेला ताडाची रांग. तिला म्हटलं, “बाळ, निपाणीत ताड बघितलेस कधी?” तासाभरानं बस सुटली. नाक्यावर एका बसच्या काचेला काळा रंग होता, बाकी काही नाही. तो व्हिडिओ पाठवणाऱ्या तिघांत एक माझा सख्खा मेहुणा होता.

केनियात २००७च्या निवडणुकीनंतर हजाराहून जास्त माणसं मेली आणि अशाच मेसेजनी आगीत तेल ओतलं. २०१३च्या निवडणुकीआधी एकगठ्ठा राजकीय मेसेजची छाननी सुरू झाली, अफवा नोंदवून तपासायला माणसं बसवली. ती निवडणूक बरीच शांततेत गेली. छाननीमुळेच गेली असं म्हणता येणार नाही, त्या वेळी आणखीही बरंच काही बदललं होतं.

इशारा दिल्यानंच लोक बिथरणार नाहीत का?

गावाचं नाव घेऊन चौकात दिला तर बिथरतील. म्हणून देशांची यादी जाहीर असते आणि गावपातळीवरची माहिती सहसा जपून दिली जाते.

यासाठी गणित किती लागतं?

दहावीचं. टक्केवारी यायला हवी आणि स्वतःचं चुकलं म्हणायची लाज वाटता कामा नये. दुसरी गोष्ट शिकायला वेळ लागतो.

तुमचे स्वतःचे अंदाज कधी चुकतात का?

आम्ही वही ठेवलीय. प्रत्येकानं शक्यता लिहायची, निकाल लागला की फरकाचा वर्ग करायचा. ९० टक्के म्हणालात आणि घडलं, तर दंड ०.०१. ९० म्हणालात आणि नाही घडलं, तर ०.८१. दंड कमी तो हुशार. हवामानवाले हीच पद्धत वापरतात, तिला ब्रायर गुण म्हणतात. आमच्याकडे सगळ्यात कमी दंड फुलवाल्या मावशींचा. त्या कधी पाच म्हणत नाहीत, कधी पंचाण्णव म्हणत नाहीत. उरलेला मोगरा रोज फेकावा लागणाऱ्या बाईला शक्यता शिकवायची गरज पडली नाही.

गेल्या एक नोव्हेंबरचा प्रश्न होता: ‘कोल्हापूरची एसटी बेळगावला येईल का?’ मी ९५ लिहिले, मावशींनी ६०. बस आली, पण हायवेवरच माणसं उतरवून परत फिरली. मी म्हटलं, आली. मावशी म्हणाल्या, “सर, माझी टोपली घेऊन मी तिथून चालत आले. ही काय आली?” तासभर भांडण झालं. शेवटी सुभेदारांनी वहीत निकालाच्या जागी प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढच्या वर्षीचा प्रश्न तिथल्या तिथे लिहून टाकला: ‘कोल्हापूरची एसटी रात्री आठच्या आत बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या फाटकातून आत शिरेल का?’